शरीराची दैनिक लय आणि कर्करोगावरील उपचार : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा, देवरी अथवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एखाद्या खेड्यातून कर्करोगाचा रुग्ण किरणोपचारासाठी नागपूरला निघतो, तेव्हा त्याचा दिवस रामप्रहरापूर्वीच सुरू झालेला असतो. गावातून मिळेल त्या वाहनाने स्थानकापर्यंत, तेथून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आणि पुढे रुग्णालयातील रांग, असा त्याचा प्रवास असतो. यंत्राखाली तो प्रत्यक्षात काही मिनिटेच असतो. ती मिनिटे सकाळी नऊची असावीत की सायंकाळी पाचची, हे ठरते गाडीच्या वेळापत्रकावरून आणि रांगेतील क्रमांकावरून. कर्करुग्णाला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. वेळेच्या बाबतीत मात्र त्याला निवड नसते.

ही निवड असावी काय, असा प्रश्न वैद्यकशास्त्रात गेली सुमारे पन्नास वर्षे विचारला जात आहे. तेच औषध, तीच मात्रा, तोच रुग्ण. परंतु दिवसाचा प्रहर बदलल्यास गुण आणि अपाय यांचे प्रमाण बदलते काय? या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या शाखेस कालजीवशास्त्र आणि तिच्या उपचारातील उपयोजनास कालोपचार असे म्हणता येईल. प्रस्तुत लेखात या विषयाचे स्वरूप, त्यातील महत्त्वाच्या चाचण्या आणि त्यांचे निष्कर्ष गोंदियासारख्या जिल्ह्यातील रुग्णास कितपत लागू पडतात, याचे विवेचन केले आहे.

जैविक घड्याळाचे स्वरूप

सजीवांच्या शरीरात दिवस-रात्रीचे भान असते, हे निरीक्षण जुने आहे. १७२९ मध्ये द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचे रोप अंधारात ठेवले असता, सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने ठरावीक वेळी उघडतात व मिटतात, असे नमूद केले. सुमारे एका दिवसाची ही आवर्तने दर्शविण्यासाठी ‘सर्काडियन’ हा शब्द १९५९ मध्ये फ्रान्झ हालबर्ग यांनी रूढ केला. हालबर्ग यांनी उंदरांवर केलेले प्रयोग वैद्यकाच्या दृष्टीने अधिक सूचक ठरले. जिवाणूंच्या विषाची एकच मात्रा दिवसाच्या एका वेळी दिली असता बहुतेक उंदीर दगावत, तर दुसऱ्या वेळी दिली असता बहुतेक वाचत. विषाच्या बाबतीत जे घडते, ते औषधाच्या बाबतीतही घडू शकेल, हे अनुमान तेथून दूर नव्हते. कर्करोगावरील बहुतेक रसायने ही मोजून दिलेली विषेच होत.

भारतात या शास्त्राची परंपरा अगदीच अपरिचित नाही. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतील वटवाघळांच्या लयींवर दीर्घकाळ संशोधन केले. महाराष्ट्रात अहमदनगर महाविद्यालयातून फळमाशीच्या दैनिक लयींवर शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यात राहूनही या विषयात मूलभूत काम होऊ शकते, याचे ते उदाहरण होय.

फळमाशीनेच या घड्याळाचे रहस्य उलगडून दिले. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेन्झर यांनी माशीतील अशा जनुकाचा शोध लावला की, त्यात बिघाड झाल्यास तिची दैनिक लय आखूड होते, लांबते किंवा नाहीशीच होते. या जनुकाचे कार्य कसे चालते, हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. यंत्रणा तत्त्वतः सोपी आहे. काही जनुके एक विशिष्ट प्रथिन तयार करण्याचा आदेश देतात. ते प्रथिन पेशीत साठत जाते आणि पुरेसे साठले की आपल्याच निर्मितीचा आदेश थांबविते. पुढे ते हळूहळू विघटित होते, अडसर दूर होतो व निर्मिती पुन्हा सुरू होते. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावाची कल्पना करावी : पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की येणाऱ्या पाटाचे दार बंद व्हावे, आणि पाणी झिरपून पातळी उतरली की ते पुन्हा उघडावे. पेशीतील या भरण्या-उतरण्याला सुमारे चोवीस तास लागतात.

मानवी मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जेथे एकमेकींना छेदतात त्या जागेच्या लगेच वर, सुमारे वीस हजार चेतापेशींचे एक केंद्र असते. ते मुख्य घड्याळ होय. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून ते रोज लावले जाते. परंतु यकृत, आतडे, अस्थिमज्जा, तोंडातील श्लेष्मल आवरण यांतील पेशींनाही स्वतःची घड्याळे असतात आणि ती मुख्य केंद्राच्या तालावर, तसेच जेवणाच्या व झोपेच्या वेळांवर चालतात. कॉर्टिसोल हे संप्रेरक पहाटे वाढू लागते व सकाळी उच्चांक गाठते. शरीराचे तापमान सायंकाळी अधिक आणि पहाटेपूर्वी सर्वांत कमी असते. यकृतातील औषध विघटित करणारी विकरे आणि पेशींच्या विभाजनाचा वेगही असाच कमी-अधिक होत असतो.

कालोपचाराचे तत्त्व

कालोपचाराचा सारा डोलारा एका विसंगतीवर उभा आहे. निरोगी ऊती दिवस-रात्रीच्या तालावर विभाजित होतात, तर कर्कपेशींचे घड्याळ अनेकदा बिघडलेले असते; त्या वेळी-अवेळी विभाजित होत राहतात. रसायने आणि किरण दोन्ही विभाजनाच्या अवस्थेतील पेशींवर अधिक आघात करतात. तेव्हा निरोगी ऊती विश्रांत असतानाची वेळ उपचारासाठी साधली, तर कर्कपेशींवरचा मारा तसाच राहून शरीराची हानी कमी व्हावी, हे यामागचे गणित होय.

‘५-फ्लुओरोयुरॅसिल’ या जुन्या व आजही सर्रास वापरल्या जाणाऱ्या औषधाचे उदाहरण घ्यावे. त्याचे विघटन करणारे विकर रात्री अधिक क्रियाशील असते. अस्थिमज्जेतील पेशींचे विभाजनही रात्री मंदावलेले असते. म्हणजे शरीर हे औषध पहाटेपूर्वी सर्वांत चांगले सोसू शकते. पॅरिसजवळील व्हिलज्विफ येथे फ्रान्सिस लेव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तत्त्व रुग्णांवर तपासले. त्यासाठी त्यांनी वेळ लावून ठेवता येणारा पंप वापरला. रुग्ण झोपलेला असताना पहाटे चारच्या सुमारास ५-फ्लुओरोयुरॅसिलचा प्रवाह सर्वाधिक होई, तर ‘ऑक्सॅलिप्लॅटिन’चा दुपारी चारच्या सुमारास. मोठ्या आतड्याचा कर्करोग शरीरात पसरलेल्या १८६ रुग्णांवरील या चाचणीचे निष्कर्ष १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सतत एकाच गतीने औषध दिलेल्या गटात २९ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या, तर वेळ साधलेल्या गटात ५१ टक्के. तोंड येण्याचा तीव्र त्रास पहिल्या गटात ७६ टक्के रुग्णांना झाला, दुसऱ्यात केवळ १४ टक्क्यांना. औषधाची किंमत न वाढविता एवढा फरक पडत असेल, तर ही पद्धत जगभर का पसरली नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल.

उत्तर पुढच्या चाचणीत आहे. अनेक युरोपीय केंद्रांनी मिळून ५६४ रुग्णांवर मोठी चाचणी घेतली. तिचा अहवाल २००६ मध्ये आला. एकूण आयुर्मानाच्या दृष्टीने दोन्ही पद्धतींत फरक आढळला नाही. चाचणी निष्फळ म्हणून बाजूला ठेवली गेली असती. परंतु आकडे स्त्रिया आणि पुरुष असे वेगळे करून पाहिल्यावर चित्र बदलले. वेळ साधून दिलेल्या उपचाराने पुरुषांमधील मृत्यूचा धोका २५ टक्क्यांनी घटला होता, आणि स्त्रियांमधील ३८ टक्क्यांनी वाढला होता. एकाचा लाभ आणि दुसऱ्याची हानी यांची बेरीज शून्य आली होती. पुरुषांसाठी योग्य असलेली वेळ स्त्रियांसाठी अयोग्य ठरते, हे त्यापूर्वी कोणी गृहीतच धरले नव्हते. ‘सरासरी रुग्ण’ या कल्पनेवर विसंबण्याचा धोका यापेक्षा स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण विरळा.

बालकांच्या रक्ताच्या कर्करोगातही असेच घडले. तोंडाने घ्यावयाच्या गोळ्या सकाळऐवजी सायंकाळी दिल्यास रोग उलटण्याचे प्रमाण कमी होते, असे १९८५ मधील एका कॅनेडियन अभ्यासाने सुचविले आणि अनेक ठिकाणी तशी प्रथाही पडली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर युरोपीय देशांतील मोठ्या अभ्यासात मात्र असा फरक दिसला नाही.

भारतीय परंपरेचा उल्लेख येथे अपरिहार्यपणे होतो. ‘अष्टांगहृदया’त औषध घेण्याचे दहा काळ सांगितले आहेत आणि दिनचर्येला आयुर्वेदात मोठे स्थान आहे. वेळेची जाणीव प्राचीनांना होती, हे खरे. परंतु ती जाणीव म्हणजे कर्करोगाच्या एखाद्या विशिष्ट औषधाच्या वेळेचा पुरावा नव्हे. व्याख्यानांतून ही गल्लत वारंवार होते, ती टाळावी.

तोंडाचा कर्करोग आणि सकाळची वेळ

पूर्व विदर्भाच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत महत्त्वाचे संशोधन औषधांचे नसून किरणांचे आहे. या भागात खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी व चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून केलेले मिश्रण, गालात धरून ठेवण्याची सवय खोलवर रुजलेली आहे. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. खर्रा मात्र पानठेल्यांवरून हटला नाही. परिणामी तोंडाचा कर्करोग येथे परिचयाचा आहे. स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या व स्तनाच्या कर्करोगाचा भार मोठा आहे. तोंड, घसा आणि गर्भाशयमुख या तिन्ही ठिकाणी किरणोपचार, ज्याला रुग्ण ‘शेक’ म्हणतात, हा उपचाराचा प्रमुख भाग असतो. आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे हा क्रम चालतो.

तोंडावर शेक घेणाऱ्या रुग्णाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तोंड येणे. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास गालाच्या आतील आवरण सोलवटते, गिळणे अशक्य होते, वजन झपाट्याने उतरते. तांदळाची पेजही घशाखाली उतरत नाही, अशा अवस्थेत रुग्ण घरी परततो आणि पुन्हा येत नाही. हा खंड घातक असतो. डोके व मान यांच्या कर्करोगात उपचार एका दिवसाने लांबला तरी रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते, असे मानले जाते. म्हणून तोंड येण्याची तीव्रता कमी करणे हा केवळ रुग्णाच्या सुखाचा प्रश्न नसून तो बरा होण्याशी निगडित प्रश्न आहे.

येथे घड्याळ उपयोगी पडते काय? कॅनडातील जॉर्ज ब्यार्नासन यांनी निरोगी पुरुषांच्या तोंडातील आवरणाचे सूक्ष्म तुकडे दिवसाच्या निरनिराळ्या वेळी काढून तपासले. पेशीचक्राच्या निरनिराळ्या अवस्था दर्शविणारी प्रथिने ठरावीक क्रमाने उच्चांक गाठतात, असे त्यांना आढळले : विभाजनापूर्वीच्या तयारीची खूण सकाळी अकराच्या सुमारास, डीएनएच्या नकला काढण्याची खूण दुपारी तीनच्या सुमारास आणि प्रत्यक्ष विभाजनाची रात्री नऊच्या सुमारास. किरणांचा आघात विभाजनाच्या तोंडाशी असलेल्या पेशींवर सर्वाधिक होतो. म्हणजे सकाळी दिलेला शेक तोंडाला अधिक सोसावा आणि दिवस कलल्यावर दिलेला कमी.

या अनुमानाची भारतातील कसोटी लखनऊ येथे झाली. त्या काळी छत्रपती शाहूजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या आणि आज किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, डोके व मान यांच्या कर्करोगाच्या रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट करून एका गटास सकाळी आणि दुसऱ्यास दुपार उलटल्यावर किरण देण्यात आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीव्र स्वरूपाचे तोंड येणे सकाळच्या गटात २६ टक्के तर उत्तरार्धातील गटात ३८ टक्के आढळले. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीच्या काठावरचा आहे. तो निर्विवाद म्हणता येणार नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीतही कल सकाळच्याच बाजूने होता, परंतु एकूण रुग्णांत तो पुरेसा ठाम ठरला नाही. दोन देशांतील, वेगवेगळ्या हवामानातील आणि वेगवेगळ्या सवयींच्या रुग्णांमध्ये कल एकाच दिशेचा दिसतो, एवढे मात्र लक्षात घेण्याजोगे आहे.

येथे भूगोलाची एक बाब सहज ध्यानात येते. भारतभर एकच प्रमाणवेळ असली, तरी सूर्य सर्वत्र एकाच क्षणी माथ्यावर येत नाही. मुंबईचा सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असतो. गोंदियाचा सुमारे ९ मिनिटे. लखनऊ आणि गोंदिया मात्र जवळजवळ एकाच रेखांशावर असल्याने त्यांच्या सूर्यवेळेत तीन-चार मिनिटांपेक्षा अधिक अंतर नाही. लखनऊच्या भिंतीवरील घड्याळातील सकाळ सूर्याच्या हिशेबानेही गोंदियाची सकाळच होय.

तेथील दुसरा अभ्यास अधिक अनपेक्षित होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या २२९ रुग्ण स्त्रियांना अशाच प्रकारे सकाळी किंवा सायंकाळी किरण देण्यात आले. ओटीपोटावर किरण पडत असल्याने येथे अपाय होतो तो आतड्याला, आणि तो प्रकट होतो जुलाबाच्या रूपाने. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीव्र त्रास सकाळच्या गटात सुमारे १४ टक्के, तर सायंकाळच्या गटात सुमारे ५ टक्के स्त्रियांना झाला. म्हणजे तोंडाच्या बाबतीत जी वेळ सौम्य, तीच आतड्याच्या बाबतीत कठोर. एका ऊतीचे घड्याळ दुसरीशी जुळत नसल्याने असे होते. ‘उपचार सकाळीच घ्यावा’ हा सरसकट सल्ला म्हणूनच चुकीचा ठरतो. एकाच गावातून एकाच गाडीने निघालेल्या दोन रुग्णांपैकी, खर्ऱ्याने तोंड बिघडलेल्या पुरुषाला सकाळचा क्रमांक आणि त्याच्या शेजारी बसलेल्या स्त्रीला सायंकाळचा क्रमांक, अशी मांडणी या दोन अभ्यासांतून सूचित होते.

प्रत्यक्षात मात्र सायंकाळचा क्रमांक म्हणजे परतीची गाडी चुकणे, आणि गाडी चुकणे म्हणजे रात्रीच्या निवाऱ्याचा प्रश्न. धर्मशाळेत किंवा नातेवाइकांकडे राहण्याची सोय असलेल्या स्त्रीलाच ही वेळ परवडू शकते.

घड्याळ कोणाचे : भिंतीवरचे की शरीरातले

सर्व चाचण्या भिंतीवरच्या घड्याळावर आधारलेल्या आहेत. शरीर मात्र स्वतःचे घड्याळ पाळते. उशिरा निजून उशिरा उठणाऱ्या शहरी माणसाचे सकाळचे नऊ आणि पहाटे चारला उठणाऱ्या शेतमजुराचे सकाळचे नऊ हे जैविकदृष्ट्या एक नव्हेत. गोंदिया जिल्ह्यात तर एकाच घरात निरनिराळी घड्याळे नांदतात. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडण्यासाठी बायका उजाडण्यापूर्वी जंगलाची वाट धरतात; घरी विड्या वळणाऱ्यांचे काम दिवेलागणीनंतरही चालते; भातगिरणीत हंगामात रात्रपाळी असते. रात्रपाळीच्या संदर्भात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि पुनर्विचारानंतर २०१९ मध्येही, लय बिघडविणारे रात्रीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात ठेवले आहे. तेव्हा रुग्णास उपचाराची वेळ देण्यापूर्वी तो केव्हा निजतो व केव्हा उठतो, हे विचारणे आवश्यक ठरते. या प्रश्नाला खर्च नाही, पण तो क्वचितच विचारला जातो.

शरीराची लय मोजण्याचा मार्ग उपलब्ध आहे. मनगटी घड्याळासारखे एक लहान उपकरण हाताच्या हालचाली अहोरात्र नोंदवते आणि त्यावरून विश्रांती व हालचाल यांची लय काढता येते. मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरलेल्या रुग्णांवर युरोपात झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांची ही लय ठळक होती ते रुग्ण अधिक काळ जगल्याचे दिसून आले. त्याच वर्षी अमेरिकेतील एका अभ्यासात, पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ज्या स्त्रियांमध्ये कॉर्टिसोलचा दिवसातील चढ-उतार सपाट झाला होता, त्यांचे आयुष्य कमी ठरल्याचे आढळले.

या विषयातील भारतातील उल्लेखनीय काम गोंदियाच्या अगदी जवळ, त्याच रेल्वेमार्गावर पूर्वेस सुमारे १७० किलोमीटरवर, रायपूर येथे झाले आहे. पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठातील कालजीवशास्त्राच्या अभ्यासकांनी तेथील प्रादेशिक कर्करोग केंद्रातील रुग्णांच्या मनगटावर अशी उपकरणे बांधून त्यांच्या लयींचा मागोवा घेतला. स्तनकर्करोगाच्या स्त्रियांमध्ये रसायनोपचाराची आवर्तने जसजशी पुढे सरकली, तसतशी विश्रांती व हालचाल यांची लय अधिकाधिक बिघडत गेली आणि जीवनमानही खालावले, असे त्यांच्या २०१७ मधील शोधनिबंधात नमूद आहे. म्हणजे आजार लय बिघडवितो, उपचारही लय बिघडवितो, आणि बिघडलेली लय पुढच्या उपचाराला कमी प्रतिसाद देते. गोंदियातील काही रुग्ण रायपूरलाही उपचार घेतात; त्यामुळे हे निष्कर्ष परक्या प्रदेशाचे म्हणून दूर ठेवता येत नाहीत.

बिघडलेली लय सावरण्याचे काही उपाय अगदी साधे आहेत. रसायनोपचारासोबत ओकारी थांबविण्यासाठी दिले जाणारे ‘डेक्सामेथासोन’ हे स्टेरॉइड रात्री उशिरा घेतल्यास झोप उडते; डॉक्टरांच्या सल्ल्याने ते सकाळी घेतल्यास शरीराच्या स्वाभाविक कॉर्टिसोलशी त्याचा मेळ बसतो. रुग्ण सामान्यतः दिवसा अंधाऱ्या खोलीत पडून राहतो आणि रात्री तळमळतो. त्याने सकाळी अंगणातील उजेडात बसणे, जेवणाच्या वेळा स्थिर ठेवणे, दुपारची झोप आटोक्यात ठेवणे हे घड्याळ पुन्हा लावण्याचे मार्ग आहेत. रुग्णालयातील कक्षात रात्रभर दिवे जळत राहणे, ही बाबही केवळ गैरसोयीची म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

अलीकडील संशोधन

२०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी स्तनकर्करोगाच्या ३० स्त्रियांचे रक्त पहाटे चार व सकाळी दहा वाजता तपासले. रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशींपैकी सुमारे ७८ टक्के पहाटेच्या नमुन्यांत आढळल्या. गाठीतून पेशी मुख्यतः झोपेत सुटतात, असा याचा अर्थ लावला जातो. ज्या गाठीला लय नसते असे मानले जात होते, तिच्यावरही शरीराच्या लयीची सत्ता चालते, हे त्यातून पुढे आले. कालोपचाराच्या मूळ गृहीतकाला यामुळे मुरड घालावी लागेल.

प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या नव्या औषधांच्या बाबतीतही वेळेचा प्रश्न उपस्थित झाला आहे. अमेरिकेतील २०२१ च्या एका अभ्यासात, त्वचेच्या एका घातक कर्करोगाच्या ज्या रुग्णांना ही औषधे मुख्यतः सायंकाळपूर्वी मिळाली, ते अधिक जगल्याचे दिसले. हा अभ्यास जुन्या नोंदींवर आधारलेला होता. दुर्बल रुग्णच उशिरा येत असतील, अशी शंका त्यावर घेता येत होती. २०२५ मध्ये चीनमधून फुप्फुसाच्या कर्करोगावरील यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष सादर झाले. दुपारी तीनपूर्वी औषध दिलेल्या गटात रोग आटोक्यात राहण्याचा काळ उशिराच्या गटाच्या सुमारे दुप्पट होता. फरक इतका मोठा आहे की, अन्यत्र पडताळा होईपर्यंत त्याबद्दल सावध राहणेच इष्ट होय. औषधांची किंमत पाहता हा प्रश्न भारतीय रुग्णासाठी विशेष महत्त्वाचा आहे : एवढा खर्च करून घेतलेले औषध चुकीच्या प्रहरी दिले जाऊ नये.

गोंदिया जिल्ह्यातील रुग्णांबाबत काही मुद्दे

आजच्या पुराव्यावर कोणत्याही रुग्णाने सोयीच्या वेळेसाठी उपचार लांबणीवर टाकू नये, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. वेळेमुळे होऊ शकणारा लाभ अनिश्चित आहे, तर विलंबाने होणारी हानी निश्चित आहे. कोणतेही औषध वा त्याची वेळ रुग्णाने आपल्या मनाने बदलू नये, हेही तितकेच खरे.

परंतु जेथे दोन्ही वेळा उपलब्ध आहेत, तेथे निवड करण्यास हरकत नाही. नागपूर येथे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था यांसारखी केंद्रे आहेत. किरणोपचाराची यंत्रे दिवसभर चालत असल्याने कोणाला तरी सकाळी आणि कोणाला तरी सायंकाळी क्रमांक द्यावाच लागतो. तो देताना दूरच्या रुग्णाची गाडी, त्याच्या कर्करोगाचे स्थान आणि त्याची झोपण्या-उठण्याची वेळ या तिन्हींचा विचार करता येणे अशक्य नाही.

संशोधनाच्या दृष्टीने येथे एक संधी दडलेली आहे. आधुनिक किरणोपचार यंत्रांचे संगणक प्रत्येक मात्रेची तारीखच नव्हे, तर तास व मिनिटही आपोआप नोंदवून ठेवतात. वेळ रांगेने ठरलेली असल्यामुळे, कोणी मुद्दाम न योजलेली अशी एक चाचणीच तेथे वर्षानुवर्षे चालू आहे. २०१६ पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे व संख्याशास्त्राचे अध्यापक आहेत. उपचार पूर्ण करून परतलेल्या रुग्णांच्या तोंडाची स्थिती, उतरलेले वजन आणि उपचारात पडलेला खंड यांच्या नोंदी, रुग्णालयांच्या व नीतिसमितीच्या संमतीने, त्या वेळांशी जुळवून पाहता येतील. मात्र या विश्लेषणात एक अडचण आधीच लक्षात घ्यावी लागेल. दुपारच्या क्रमांकात दूरच्या तालुक्यांतील, म्हणजे पहाटे उठून, उपाशीपोटी प्रवास करून आलेले रुग्ण अधिक असण्याचा संभव आहे. त्यांचे तोंड अधिक येत असेल, तर त्याचे कारण दुपार आहे की प्रवास, हे गावाचे अंतर आणि घरून निघण्याची वेळ नोंदविल्याशिवाय सांगता येणार नाही.